आयब्युप्रोफेनच्या प्रतिबिंबरूपांचे कायरल वर्णलेखन

आयब्युप्रोफेन या वेदनाशामकाच्या रेणूची दोन रूपे असतात आणि ती एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे असतात. ही रूपे वेगळी करून मोजण्याच्या पद्धतीला कायरल वर्णलेखन म्हणतात. दोन्हींत अणू तेच, बंध तेच. तरी डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात बसत नाही, तशी ही रूपे एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. फरक एकाच कार्बनभोवतीच्या मांडणीचा. त्यावरून त्यांना ‘एस’ आणि ‘आर’ म्हणतात.

स्ट्यूअर्ट ॲडम्स आणि जॉन निकल्सन यांनी नॉटिंगहॅमच्या बूट्स कंपनीत शोधलेले हे औषध १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये विक्रीस आले. ४०० मि.ग्रॅ.च्या नेहमीच्या गोळीत दोन्ही रूपे २००-२०० मि.ग्रॅ. असतात. दुखणे कमी करते ते मुख्यतः एस रूप. आर रूपही वाया जात नाही, कारण शरीरातील विकरे (एन्झाइम) त्याचा मोठा भाग एसमध्ये पालटतात; एसचे आर मात्र होत नाही. या एकमार्गी पालटामुळेच रक्तातली दोन्ही रूपे निरनिराळी मोजावी लागतात. नुसते ‘एकूण आयब्युप्रोफेन’ मोजून औषधाचे शरीरात काय झाले ते कळत नाही.

वर्णलेखनात मिश्रण द्रवाबरोबर बारीक कणांनी भरलेल्या नळीतून, म्हणजे स्तंभातून, सोडतात. साध्या स्तंभातून दोन्ही रूपे एकाच वेळी बाहेर पडतात, कारण विद्राव्यता, उत्कलनबिंदू, सगळे सारखेच. त्यांना ओळखायला स्तंभातला पदार्थही डावा-उजवा भेद जाणणारा लागतो. जपानी रसायनशास्त्रज्ञ योशिओ ओकामोतो यांनी सेल्युलोज आणि अमायलोज यांच्या कार्बामेट अनुजातांचा (त्यांच्यापासून बनवलेल्या संयुगांचा) लेप सिलिकाच्या कणांवर देऊन असे स्तंभ घडवले. म्हणजे मुळात कापूस आणि स्टार्च यांतलीच बहुवारिके (लांब साखळीचे रेणू)! त्यांच्या मळसूत्री साखळीतल्या खाचांत एक रूप जरा जास्त रेंगाळते, दुसरे लवकर सुटते.

हेक्झेनमध्ये थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुमारे ०.१ टक्का ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्ल मिसळून ते २५ सेंमी. लांबीच्या स्तंभातून पंपाने सोडतात. हे आम्ल आयब्युप्रोफेनमधल्या आम्लधर्मी कार्बॉक्सिल गटाचे आयनीभवन (विद्युत्भारित होणे) रोखते. नाहीतर शिखरे, म्हणजे आलेखावरचे उंचवटे, पसरट होतात. २२० नॅनोमीटरला जंबुपार शोषण नोंदवले की पडद्यावर आधी एक शिखर चढते, खाली आधाररेषेला टेकते आणि मग दुसरे उठते. साध्या गोळीच्या नमुन्यात दोन्हींचे क्षेत्रफळ सारखे भरते. कोणते शिखर कोणाचे, हे शुद्ध एस स्वतंत्रपणे सोडून ठरवावे. क्रमावर विसंबू नये, स्तंभ बदलला की तो उलटू शकतो. अल्कोहोल वाढवले की वेळ वाचतो, पण शिखरे एकमेकांत शिरतात.

लेप दिलेल्या स्तंभात क्लोरोफॉर्म किंवा टेट्राहायड्रोफ्युरान चुकूनही जाऊ देऊ नये. लेप विरघळतो आणि महागडा स्तंभ कायमचा निकामी होतो.

केवळ एस रूपाचे औषध डेक्सआयब्युप्रोफेन या नावाने मिळते. त्याच्या घाऊक उत्पादनात बहुधा कायरल अमाइनबरोबर लवण करून स्फटिकीकरणाने रूपे वेगळी करतात; स्तंभ वापरतात तो त्या मालात आर किती उरले आहे ते तपासायला.