कयाक-मासेमारीची नोंदवही

कयाकमधून, म्हणजे वल्हवायच्या छोट्या अरुंद होडीतून, गरवायला (गळानं मासे धरायला) जाणारा माणूस आपल्या प्रत्येक फेरीची आणि मिळालेल्या, तसंच न मिळालेल्या मासळीची जी स्वतःपुरती नोंद ठेवतो ती ही नोंदवही. रोजच्या बोलण्यात लॉग हाच शब्द चालतो. मोठ्या बोटींना सरकारी नियमानं भरावी लागणारी लॉगबुकं वेगळी, त्यांचा इथं संबंध नाही. वही कागदाची असो, स्प्रेडशीट असो की मोबाइलमधलं ॲप असो, त्यात तारीख, जागा, वेळ, पाणी, वारा, आमिष आणि मासा एवढं तरी असतंच, बाकी ज्याची त्याची हौस.

शब्द आणि उगम

लॉग म्हणजे मुळात लाकडाचा ओंडका. जहाजाचा वेग मोजायला दोरीला बांधलेली लाकडी फळी मागं पाण्यात सोडायची आणि ठराविक वेळात किती दोरी सुटली ते बघायचं, दोरीला ठराविक अंतरावर गाठी मारलेल्या, म्हणून वेगाचं माप नॉट म्हणजे गाठ झालं. विल्यम बोर्न या इंग्रजानं १५७४ मध्ये या पद्धतीचं वर्णन केलं. शोधाचं श्रेय पोर्तुगीज खलाशांना देणारंही एक मत आहे, पण छापील पुरावा म्हणून बोर्नचाच आधार जास्त भक्कम वाटतो. पुढं २८ सेकंदांची वाळूची घडी आणि गाठींमध्ये ४७ फूट ३ इंच असं प्रमाण ठरलं. ते मीटरमध्ये साधारण १४.४ येतं, आणि १८५२ मीटरचा सागरी मैल तासाला एक या वेगानं २८ सेकंदांत तेवढंच अंतर जातं, म्हणजे हिशेब चोख होता. हे आकडे जहाजावर आधी पाटीवर खडूनं लिहायचे आणि मग सवडीनं वहीत उतरवायचे, त्या वहीचं नाव लॉगबुक. कयाकवाला आज पाण्यात पाटीवर किंवा ओल्या कागदावर पेन्सिलीनं खरडतो आणि घरी येऊन नीट लिहितो, ते नेमकं हेच. बॉलपेन ओल्या कागदावर चालत नाही, पेन्सिल चालते, ही गोष्ट प्रत्येक जण एकदा तरी स्वतःच्या अनुभवानं शिकतो.

कयाक ही उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट, युपिक आणि अल्यूत लोकांची होडी. वाहत आलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा आणि वर सीलचं कातडं. ती किती जुनी यावर एकमत नाही, चार हजार वर्षं हा आकडा नेहमी दिला जातो आणि ग्रीनलंडमधल्या साक्काक संस्कृतीच्या जागी मिळालेले होडीचे तुकडे बघता तो फार चुकीचा नसावा. मात्र ती मुख्यतः सील मारायची होडी होती, मासेमारी दुय्यम. त्यामुळं ‘कयाक मूळची मासेमारीचीच’ असं जे सर्रास लिहिलं जातं ते जरा जपूनच घ्यावं.

कयाक आणि वही यांची गाठ युरोपात पडली. जॉन मॅकग्रेगर या स्कॉटिश वकिलानं १८६५ मध्ये ओकच्या फळ्यांची, कयाकसारखी छोटी होडी बनवून युरोपातल्या नद्यांतून प्रवास केला, रोजची टिपणं आणि चित्रं ठेवली, आणि हौशी लोकांमध्ये वल्हवायची लाट आली. तो गरवायला गेला नव्हता. माशांची वही हा वेगळा प्रवाह, ब्रिटिश जमीनदारांच्या घरी शिकारीच्या वह्या असत त्यात सॅमनची तारीख, वजन आणि आमिष म्हणून वापरलेली नकली माशी लिहायची पद्धत होती, तीच सवय साहेबांबरोबर हिंदुस्थानात आली. १९४६ मध्ये कबिनी नदीत म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी धरलेला १२० पौंडांचा महसीर (नदीतला मोठा मासा) आजही उल्लेखला जातो तो अशा नोंदींच्या परंपरेमुळंच.

हे दोन प्रवाह खऱ्या अर्थानं एकत्र आले ते प्लॅस्टिकच्या, वर बसायच्या कयाकमुळं. कॅलिफोर्नियात टिम निमियर यानं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सर्फबोर्डावरून ही कल्पना काढली असं मानतात. १९९७ मध्ये होबी कंपनीचं पायानं मारायचं पेडल आलं आणि हात रिकामे झाले, एक रॉडला आणि एक पेन्सिलीला. तिसरी तारीख २ मे २०००, त्या दिवशी अमेरिकेनं नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि शंभरेक मीटरचा फरक दहा-वीस मीटरवर आला. तोपर्यंत जागा लिहायची म्हणजे ‘देवळाचा कळस आणि मागचा डोंगर एका रेषेत’ अशा खुणा, आपले कोळी पिढ्यान्‌पिढ्या करतात तशा. त्या खुणांना बॅटरी लागत नाही हेही खरं.

काय लिहायचं

यात सगळ्यात जास्त गोंधळ वारा आणि प्रवाह यांचा होतो. वाऱ्याला तो जिथून येतो त्या दिशेचं नाव असतं आणि प्रवाहाला तो जिकडं जातो त्या दिशेचं, म्हणजे नैर्ऋत्येचा वारा आणि नैर्ऋत्येचा प्रवाह हे एकमेकांच्या समोरासमोर उभे असतात. नवशिक्यांच्या वह्यांत हे उलटंपालटं असतं आणि मग वर्षभरानं ‘वारा आणि सुकतीचं (ओहोटीचं) पाणी आमनेसामने असताना लाटा उभ्या राहिल्या’ ही कामाची गोष्ट त्या वहीतून निघतच नाही. कयाक हलकी असल्यामुळं वारा तिला ढकलतो, एक नॉट म्हणजे सेकंदाला साधारण अर्धा मीटर, म्हणून गळ पाण्यात असताना आपण किती वेगानं सरकत होतो हे लिहिलं नाही तर कुठलं ल्युअर (नकली आमिष) चाललं हे लिहून फारसा उपयोग नसतो.

वेळेचं पण असंच. तास मोजायचे ते गळ पाण्यात असतानाचे, घरातून निघाल्यापासूनचे नाही. पण कयाकवाला जागेवर जाताना मागं ल्युअर ओढत वल्हवतो, ते तास धरायचे की नाही? काही जण धरतात, काही नाही. दोन रकाने ठेवणं बरं, कारण एकत्र केलेले तास नंतर वेगळे करता येत नाहीत.

हवेचा दाब लिहिणारे पुष्कळ आहेत. दाब उतरला की मासा लागतो किंवा लागत नाही, दोन्ही बाजूंनी छातीठोकपणे सांगणारे भेटतात. मात्र एक हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचं एकक) म्हणजे साधारण एक सेंटिमीटर खोल पाण्याचा दाब, म्हणजे वादळात दाब २० नं उतरला तरी तेवढा फरक माशाला वीतभर वर आलं की मिळतो, त्यामुळं दाबाचा थेट परिणाम मानणं अवघड आहे, ढग, वारा आणि उजेड यांच्यामार्फत असेल तर असेल. जॉन आल्डन नाइट यानं १९२६ मध्ये मांडलेल्या, मासा कधी लागेल हे चंद्र-सूर्यावरून सांगणाऱ्या वेळापत्रकाचीही तीच गत, ॲपमध्ये ते असतं, लोक लिहितातही, पण त्यातला भरती-ओहोटीचा भाग काढला तर उरतं ते फारसं सिद्ध नाही.

तिथी आणि भरती

कोकणातल्या नोंदवहीत तारखेशेजारी तिथी हवीच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण (मोठी भरती), अष्टमीच्या आसपास भांग (लहान भरती), आणि भरतीची वेळ काढायची तर तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती, सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडं. हा ठोकताळा किनाऱ्यावर सगळ्यांना तोंडपाठ असतो, पण तो नेमका का चालतो आणि कुठं घसरतो हे क्वचितच लिहिलेलं सापडतं म्हणून इथं जरा सविस्तर. चंद्र एका तिथीत सूर्यापासून १२ अंश पुढं जातो, ३० तिथींत ३६० अंश, म्हणजे ३० तिथींत भरती २४ तास मागं पडून परत जागेवर येते, वाटणीला एका तिथीला ४८ मिनिटं येतात. घटका २४ मिनिटांची, तेव्हा खरा नियम ‘तिथीला दोन घटका’ असा बसतो. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं धरली की दर तिथीला तीन मिनिटं कमी पडतात आणि पंधराव्या तिथीला सव्वाअकरा येतात, बाराच्या ऐवजी. पुढच्या प्रतिपदेला मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते म्हणून चूक साचत नाही. पाऊणपट तोंडी करायला सोपी म्हणून ती रूढ झाली असावी, दोन घटकांचा हिशेब जास्त काटेकोर.

पण दोन्ही सरासरीच. उधाणाच्या दिवसांत भरती रोज चाळीसेक मिनिटांनीच सरकते आणि भांगात तासाच्या वर, शिवाय खाडीच्या तोंडापासून आत जाल तसं पाणी उशिरा चढतं, मुंबईची वेळ दक्षिणेला तशीच लागू पडत नाही. हा उशीर छापील कोष्टकात प्रत्येक खाडीच्या वळणापुरता मिळत नाही. सात-आठ फेऱ्यांत ‘कोष्टकाची वेळ’ आणि ‘पाणी प्रत्यक्ष फिरलं ती वेळ’ शेजारी शेजारी लिहिली की आपल्या जागेचा आकडा हाताला लागतो, आणि तो इतर खाडीत चालत नाही.

माशाचं माप

वजन की लांबी हा जुना वाद. हलत्या कयाकमध्ये स्प्रिंगचा काटा स्थिर राहत नाही, म्हणून मोजपट्टीवर थोबाड टेकवून, तोंड मिटवून लांबी घ्यायची, फोटो काढायचा आणि मासा सोडायचा ही पद्धत पडली. अमेरिकेतल्या कयाक स्पर्धांमध्ये फोटोत त्या दिवशीची ओळखचिठ्ठी दिसावी लागते, नाहीतर मागच्या वर्षीचा मासा पुन्हा एकदा पकडला जातो. लांबी कुठली तेही लिहावं, शेपटीच्या टोकापर्यंतची पूर्ण लांबी की शेपटीच्या खाचेपर्यंतची. जिताड्याची शेपटी गोल असल्यानं तिथं प्रश्न येत नाही, सुरमईला येतो.

वजन हवंच असेल तर घेराचा वर्ग गुणिले लांबी, इंचांत, भागिले ८०० म्हणजे पौंड, किंवा सेंटिमीटरांत भागिले सुमारे २८,९०० म्हणजे किलो. ६० सेंमी लांब आणि ३६ सेंमी घेराचा मासा २.७ किलोच्या आसपास येतो. मासा किती भरलेला हे बघायला ग्रॅममधलं वजन गुणिले १०० भागिले लांबीचा घन असा निर्देशांक काढतात, त्याला फुल्टनचं नाव आहे. स्कॉटलंडच्या टी. वेमिस फुल्टन यांचं १९०४ चं काम मुख्यतः लांबी-वजनाच्या घननियमाबद्दल होतं आणि माशाची तब्येत मोजायला हा निर्देशांक जर्मन शास्त्रज्ञ हाइंके यांनी १९०८ मध्ये वापरला, फुल्टनचं नाव नंतर चिकटलं, असं आता मांडलं गेलंय आणि ते पटण्यासारखं आहे. नाव मात्र फुल्टनचंच चालू आहे.

लांबी नेमकी लिहिण्याचा आणखी एक मुद्दा. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे मोठे जिताडे बहुतेक माद्याच. ऑस्ट्रेलियात हाच मासा बारामुंडी म्हणून प्रसिद्ध आहे, क्वीन्सलंडमध्ये ५८ सेंमीच्या खालचा आणि १२० च्या वरचा दोन्ही सोडावे लागतात. महाराष्ट्रातही २०२३ मध्ये ५४ जातींना किमान कायदेशीर आकार ठरवले गेले. अंदाजानं लिहिलेल्या वह्यांत ५०, ५५, ६० याच आकड्यांवर गर्दी दिसते, समुद्रात ५७ सेंमीचे मासे नसतातच जणू.

कोऱ्या फेऱ्या

हात हलवत परत आलेली फेरी लिहायला कुणाला आवडत नाही, आणि वह्या बिघडतात त्या इथंच. समजा चाळीस तासांत दहा मासे, म्हणजे तासाला ०.२५, कोऱ्या फेऱ्यांचे वीस तास लिहिलेच नाहीत तर तोच आकडा ०.५ होतो आणि खाडी अचानक दुप्पट चांगली ठरते. मत्स्यशास्त्रात याला प्रयत्नामागं मिळकत म्हणतात. फक्त पकडलेल्या माशांची वही ही फोटोंचा अल्बम असते, छान असते, पण तिच्यावरून काही काढता येत नाही.

नीट ठेवलेल्या नोंदींचं उत्तम भारतीय उदाहरण कयाकचं नाही, कावेरीचं आहे. कर्नाटकातल्या गालिबोरे कॅम्पवर काठावरून आणि हरिगोलातून (टोपलीसारख्या गोल होडीतून) गरवणाऱ्यांच्या १९९८ ते २०१२ च्या लॉगबुकांत सुमारे २३,६०० तास आणि ६,१०० वर महसीर नोंदले होते, तासांसकट. संशोधकांनी ते तपासले तेव्हा तासामागं माशांची संख्या वाढलेली आणि सरासरी वजन घटलेलं दिसलं, म्हणजे नुसती संख्या बघणाऱ्याला नदी मजेत आहे असंच वाटलं असतं. प्रत्यक्षात निळ्या परांचा, बाहेरून सोडलेला महसीर वाढत होता आणि मूळचा कुबडधारी महसीर संपत चालला होता. त्या कुबडधाऱ्याची शास्त्रीय ओळख टॉर रेमादेवी अशी २०१८ मध्ये पक्की झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला.

जागा लपवणं

वही दाखवायची पण जागा नाही, हा सर्वमान्य शिष्टाचार. अक्षांश-रेखांशाचे दशांश कमी केले की काम होतं: चार दशांशाला साधारण ११ मीटर, तीनला ११० मीटर, दोनला किलोमीटरभर. बहुतेक जण स्वतःच्या वहीत चार ठेवतात आणि बाहेर दोन देतात. फोटोच्या फाइलमध्ये जागा आपोआप साठते हे विसरल्यामुळं बरेच लपवलेले खडक जगजाहीर झालेत.

याच वहीचं एक पान मात्र उघडं ठेवायचं असतं, निघण्याआधीचं. कुठून पाण्यात उतरणार, कुठवर जाणार, किती वाजता परत, कयाकचा रंग कोणता, आणि परत न आल्यास कुणाला फोन. ते पान घरी ठेवून जायचं.