नागपुरातून आंतरराष्ट्रीय संबंधांत एम.ए.: सीयूईटीचा अर्ज आणि केंद्राच्या नमुन्यातले दाखले

नागपूर विद्यापीठात एम.ए. राज्यशास्त्र करताना आंतरराष्ट्रीय संबंध शिकायला मिळतात. पण पूर्ण एम.ए.च त्या विषयात करायचे असेल, तर शहर सोडावे लागते आणि बहुतेक वाटा सीयूईटी पीजी या केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक पदव्युत्तर प्रवेश परीक्षेतून जातात. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे (जेएनयू) आंतरराष्ट्रीय अध्ययन केंद्र या क्षेत्रातले सर्वांत जुने. 1955 मध्ये ती स्वतंत्र संस्था होती, 1970 मध्ये जेएनयूत आली. पुदुच्चेरी विद्यापीठ, गुजरात केंद्रीय विद्यापीठ आणि केरळ केंद्रीय विद्यापीठ इथेही राज्यशास्त्राच्या जोडीने हा विषय एम.ए.ला आहे. दिल्लीतले सार्क देशांचे दक्षिण आशियाई विद्यापीठ आणि कोलकात्याचे जादवपूर विद्यापीठ यांच्या प्रवेशाच्या सूचना स्वतंत्रपणे पाहाव्यात. पुणे विद्यापीठातला संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग हा जवळचा पर्याय आहे. तिथे विद्यापीठाची स्वतःची परीक्षा द्यावी लागते.

पात्रता सोपी आहे. जेएनयूत कोणत्याही शाखेची पदवी चालते. गुणांची अट बहुतेक ठिकाणी 50 टक्क्यांच्या आसपास असते आणि राखीव प्रवर्गांना सवलत मिळते. शेवटच्या वर्षाला असलेल्यांनाही अर्ज करता येतो.

अर्ज दोनदा करायचा असतो आणि इथेच दरवर्षी मुले चुकतात. पहिला अर्ज सीयूईटी घेणाऱ्या राष्ट्रीय परीक्षा संस्थेकडे (एनटीए), साधारण डिसेंबर-जानेवारीत. त्यात जास्तीत जास्त चार पेपर निवडता येतात. पहिल्या दोन पेपरांचे शुल्क एकत्र असते, पुढच्या प्रत्येकाचे वेगळे. पेपर अंदाजाने निवडू नका. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात त्या अभ्यासक्रमासमोर जो पेपर कोड दिलेला असेल, तोच भरा. वेगळ्याच पेपरात कितीही गुण पडले तरी तिथे उपयोग नाही. परीक्षेच्या शहरात पहिली पसंती नागपूर द्या. मोबाइल आणि ईमेल स्वतःचाच द्या, कॅफेवाल्याचा नको. दुरुस्तीची मुदत येते तेव्हाही हे दोन रकाने सहसा बदलता येत नाहीत.

दुसरा अर्ज प्रत्येक विद्यापीठाच्या पोर्टलवर, वेगळे शुल्क भरून. सीयूईटीचा निकाल आपोआप कुठेही प्रवेश मिळवून देत नाही. निकालाची वाट पाहत बसलेल्यांची या दुसऱ्या अर्जाची मुदत निघून जाते, आणि गुण असूनही नाव यादीत येत नाही.

आता दाखले. महाराष्ट्रात अभियांत्रिकीला किंवा शिष्यवृत्तीला चाललेला दाखला केंद्रीय विद्यापीठात चालेलच असे नाही. ओबीसींना केंद्र शासनाच्या नमुन्यातले नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र लागते आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्याचे नॉन-क्रिमीलेअर एकाहून अधिक वर्षांसाठीही मिळते, म्हणून अनेकजण निर्धास्त असतात. पण केंद्रीय विद्यापीठे प्रवेशाच्या वेळी साधारणपणे त्या वर्षीच्या 1 एप्रिलनंतरचे प्रमाणपत्र मागतात. विजा-भज (विमुक्त जाती-भटक्या जमाती), विमाप्र (विशेष मागास प्रवर्ग) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) हे राज्याचे प्रवर्ग केंद्रात नाहीत. धनगर आणि वंजारी हे राज्यात भटक्या जमातींत असले, तरी केंद्राकडे ओबीसी म्हणून अर्ज करतात.

‘आपले सरकार’ पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात अर्ज करताना ‘केंद्राचा नमुना’ हे स्पष्ट सांगा. न सांगितल्यास बहुधा राज्याचाच मिळतो. मुळात जातीचा दाखलाच नसेल, तर ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, विजा-भजंना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा आणि अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा लागतो. विदर्भात तो कोतवाल पंजीत, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, किंवा आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज नोंदीत सापडतो. नक्कल काढायला वेळ लागतो, म्हणून हे काम दिवाळीच्या सुट्टीतच उरका. या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. कोणी स्टॅम्प पेपर आणायला लावला, तर ही माफी दाखवून द्या.

ईडब्ल्यूएसमध्ये, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकात, गोंधळ वेगळा आहे. उत्पन्नाची वार्षिक मर्यादा ओबीसींच्या नॉन-क्रिमीलेअरप्रमाणे इथेही 8 लाखच आहे, पण मोजणीत फरक आहे. ओबीसींच्या उत्पन्नाच्या कसोटीत आईवडिलांचा पगार आणि शेतीचे उत्पन्न धरत नाहीत. ईडब्ल्यूएसमध्ये दोन्ही धरतात. शिवाय कुटुंबाकडे 5 एकर किंवा जास्त शेती असेल, तर उत्पन्न कितीही कमी असो, दाखला मिळत नाही. काटोल-नरखेडकडची संत्र्याची बाग सातबाऱ्यावर वडिलांच्या नावाने आहे की काकांच्या, किती हिश्श्याची, हे आधी पाहून घ्या. शहरात 1000 चौरस फूट किंवा त्याहून मोठा फ्लॅट असला, तरी तेच.

जानेवारीत अर्ज भरताना नव्या आर्थिक वर्षाचा दाखला हातात नसतो. तेव्हा सूचनेत मागितले असेल ते स्वयंघोषणापत्र द्या, आणि एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात नव्या दाखल्यासाठी अर्ज करा. मे-जूनमध्ये प्रवेशाची गर्दी सुरू झाली की सेतूत रांगा लागतात.

परीक्षेत 75 प्रश्न, 90 मिनिटे, बरोबर उत्तराला 4 गुण, चुकल्यास 1 वजा. पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, मराठीत नाही. दोन्हींत तफावत निघाली तर इंग्रजीच ग्राह्य धरतात. मराठी माध्यमातून शिकलेल्यांची अडचण विषयाची नसून शब्दांची होते. आपल्या अलिप्ततावादाला हिंदीत गुटनिरपेक्षता म्हणतात, सार्वभौमत्वाला संप्रभुता, राष्ट्रकुलाला राष्ट्रमंडल, परराष्ट्र धोरणाला विदेश नीति. अशी दोनशे शब्दांची वही करा, प्रत्येक शब्दासमोर इंग्रजी प्रतिशब्द लिहा. पुढे जेएनयूतले अध्यापनही इंग्रजीतच आहे, त्यामुळे ही वही दोन वर्षे कामी येईल.

उत्तरसूची आल्यावर हरकतीला प्रश्नामागे 200 रुपये लागतात आणि ते परत मिळत नाहीत. आधार मिळाला असेल तरच हरकत घ्या.

नावाची एक तपासणी अर्जाआधीच करा. दहावीच्या आणि विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, आधारवर बहुधा शेवटी. अर्जात दहावीप्रमाणे लिहा, आणि स्पेलिंगमध्ये फरक असेल तर आधार आधी दुरुस्त करा. सीजीपीएचे टक्के स्वतः काढू नका. विद्यापीठाचे अधिकृत सूत्र गुणपत्रिकेमागे नसेल, तर परीक्षा विभागाकडून लेखी घ्या.

सहाव्या सत्राचा निकाल लागला की त्याच दिवशी कॉलेजात टीसीचा आणि विद्यापीठात मायग्रेशनचा अर्ज टाका. निकाल लांबला, तर तात्पुरता प्रवेश हमीपत्रावर मिळू शकतो. त्यात दिलेली अंतिम तारीख लिहून ठेवा, कारण ती उलटली की भरलेल्या शुल्कासकट जागा जाऊ शकते.