सुतळीनं बांधलेलं पायडल

आर्वी तालुक्यातल्या माझ्या मावशीनं शिलाई मशीनला मोटर बसवली आणि दोनेक महिन्यांत संध्याकाळी तिचे पाय जड पडायला लागले. "पोटऱ्या दगडावानी होऊन राह्यल्या रे," म्हणायची. घोट्यावर बोट दाबलं की खळगा राहायचा. डॉक्टरांनी हृदय, किडनी तपासली. दोन्ही ठीक निघाली. मग मी मशीनखाली वाकून पाहिलं. मोटरचं बटण उजव्या पायाखाली होतं आणि जुनं लोखंडी पायडल हलू नये म्हणून तिनं सुतळीनं करकचून बांधलं होतं.

हृदय रक्त पायापर्यंत ढकलतं. ते परत वर चढवायचं बरंचसं काम पोटरी करते. ती आवळली की आतल्या शिरा पिळल्या जातात, रक्त वर सरकतं आणि शिरांमधल्या झडपा त्याला खाली उतरू देत नाहीत. हातपंपासारखंच, दांडा हलला तर पाणी चढणार. माणूस स्तब्ध उभा असेल तर घोट्यापाशी शिरेतला दाब पाऱ्याच्या सुमारे 90 मिलिमीटरइतका असतो. चालायला लागला की 30 च्या आसपास किंवा त्याखाली येतो. मावशीचा पंप सुतळीनं बंद केला होता.

खुर्चीची कडही छळते. 1940 मध्ये लंडनवर बॉम्ब पडत असताना लोक रात्रभर निवाऱ्यांत आरामखुर्च्यांवर बसून झोपत. त्यातले काही फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून दगावले. खुर्चीची पुढची दांडी मांड्यांखालच्या शिरा दाबते, असा निष्कर्ष निघाला. आपल्याकडे ग्रामपंचायतीत संगणकावर बसणाऱ्या कितीतरी मुलींचे पाय त्या उंच खुर्चीवरून जमिनीला नीट टेकत नाहीत. म्हणून पायपाट, म्हणजे बसल्यावर पायाखाली ठेवायचा पाट, करताना आधी उंची बघा: तळवे पूर्ण टेकावेत, मांडीखाली बोटं सहज सरकावीत.

गावच्या सुताराकडून आम्ही असा एक पाट करून घेतला. सागाची फळी, पुढून मागे 30 सेंटिमीटर. तिच्या खाली मधोमध आडवा, बाभळीचा अर्धगोल ठोकळा, 4 सेंटिमीटर उंच. एवढ्यावर फळी दोन्ही बाजूंना साधारण 15 अंश कलते आणि घोट्याला तेवढं पुरतं. पहिला पाट फसला. तो इतका सैल डुलायचा की पायाच्या वजनानंच खाली जायचा; पोटरीला कामच नव्हतं. मग पुढच्या कडेखाली सायकलच्या जुन्या ट्यूबच्या घड्या खिळवल्या. आता चवडा दाबला की रबर विरोध करतं आणि पोटरी आवळते. पाय सैल सोडला की तेच रबर चवडा हलकेच वर उचलतं, पोटरी ताणली जाते. व्यायाम आणि विसावा, दोन्ही एकाच फळीवर. खाली चपलेच्या रबराचे तुकडे लावा, नाहीतर गुळगुळीत फरशीवर पाट सरकतो.

2022 मध्ये ह्यूस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी पोटरीतल्या खोलवरच्या सोलियस स्नायूवर काम केलं. शरीराच्या वजनात त्याचा वाटा जेमतेम 1 टक्का. पण बसल्या बसल्या टाचा विशिष्ट पद्धतीनं उचलत राहिल्यावर जेवणानंतरची रक्तातली साखर बरीच कमी चढली. आमच्या पाटानं तेवढं होईल असा दावा मी करणार नाही. मधुमेह असेल तर तळव्याला फोड आला का, हे रोज बघा. एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, गरम लागला तर पाट बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठा.

मावशीला मात्र पाट लागलाच नाही. सुतळी कापली, मोठ्या चाकावरचा चामडी पट्टा उतरवला, पायडल मोकळं झालं. चाक जड असल्यानं गती घेतली की पायालाच फिरवतं, म्हणून दर थोड्या वेळानं ती ते थांबवते आणि नव्यानं दाबते. उजवा पाय मोटरवर, डावा पायडलवर. पाट गेला ग्रामपंचायतीत.