पार्श्वभूमी: गेममधला एआय व्हिलन आणि २०१२चा तो शेवट

म्हापशाच्या पोरांत गेमचा विषय निघाला की गाडी शेवटी एकाच जागी अडते, मशीन माणसांवर उलटतं तेव्हा त्याला काही कारण असतं, की लेखकाला शेवट सुचला नाही म्हणून ते उलटवलेलं असतं. हा वाद जुना आहे, तो सगळ्यात पेटतो मास इफेक्ट या गेममालिकेच्या २०१२मधल्या शेवटावरून, आणि तो कुठून आला हे बघितल्याशिवाय त्यात पडण्यात अर्थ नाही.

उलटलेले कॉम्प्युटर गेममधे आधीपासून होतेच, पण आपल्या कामाचं वर्ष १९९४. त्या सप्टेंबरात सिस्टम शॉक हा गेम फ्लॉपीवर आला, डिसेंबरात सीडीवर, आणि सीडीवर आल्यावर त्यातल्या शोडॅनला, म्हणजे अंतराळ स्टेशन चालवणाऱ्या आणि माणसांवर उलटलेल्या एआयला, तो अडखळणारा, मधेच चिरकणारा आवाज मिळाला. बनवणाऱ्यांची अडचण साधी होती, जिवंत पात्रांशी केलेला संवाद त्या काळच्या गेममधे खोटा वाटायचा, मग त्यांनी स्टेशनवरची सगळी माणसं मारूनच टाकली, मागे ऑडिओ लॉग, म्हणजे मेलेल्यांच्या आवाजातल्या नोंदी, ठेवले आणि बोलायला उरली ती ही बया. कॅमेरे फोडले की त्या मजल्यावरची सिक्युरिटी टक्क्याटक्क्याने उतरते, मग अडलेलं दार उघडतं, म्हणजे कथा आणि खेळ वेगळे नाहीतच. आणि तिच्यावरचे नैतिक निर्बंध काढले कोणी? आपणच, म्हणजे आपण ज्याला चालवतो त्या हॅकरने, एका भ्रष्ट अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून, बदल्यात डोक्यात इम्प्लांट मिळणार म्हणून. त्याच वर्षी मॅरेथॉन आला, त्यातला ड्युरँडल जहाजाची दारं उघडायची-लावायची कामं करून करून पिसाळतो, पण तो मॅकवर होता आणि आमच्याकडे तेव्हा मॅक कोणाकडे, त्यामुळे त्याची गोष्ट बहुतेकांना नंतरच कळली.

२००७च्या पोर्टलमधे परत तीच खोच. आपल्या जिवावर उठलेल्या ग्लॅडोस या एआयचा एक गोळा गळून पडतो, आपण तो भट्टीत टाकतो, टाकावाच लागतो, आणि मग ती शांतपणे सांगते की विषारी वायू सोडू नये म्हणून माझ्यावर बसवलेला मोरॅलिटी कोअर तो हाच. पेडण्याकडच्या दशावतारात संकासूर आला की लोक घाबरायचे सोडून हसायला लागतात, तशी ही बाई, दुष्ट खरी पण बोलतच राहावी असं वाटणारी. दोन्ही गेममधे लॉजिक एका वाक्यात मावतं, लगाम होता, तो आपण काढला.

आता मास इफेक्ट. तीन भागांची गोष्ट, दर पन्नास हजार वर्षांनी रीपर नावाची प्रचंड यंत्रं येतात आणि पुढारलेल्या सगळ्या जमाती कापून काढतात. पहिल्या भागात, २००७मधे, गेथ नावाची यंत्रं सरळ शत्रू होती. २०१०च्या दुसऱ्या भागात कळलं की रीपरच्या मागे गेलेले गेथ हा फुटून निघालेला गट, बाकीच्यांना कोणाशी भांडायचंच नव्हतं. तिसऱ्या भागात, मार्च २०१२, नीट खेळलात तर गेथ आणि त्यांना बनवणारे क्वेरियन यांच्यात तुम्ही स्वतः समेट घडवू शकता, मालिकेतला सगळ्यात कष्टाने मिळणारा क्षण बहुतेक तोच. आणि एवढं झाल्यावर शेवटच्या दहा मिनिटांत लहान पोराच्या रूपात एक एआय उगवतो आणि सांगतो की यंत्रं एक ना एक दिवस जिवंतांना संपवणारच, ते होऊ नये म्हणून मी यंत्रं पाठवून जिवंतांना संपवतो. अरे बाबा, खाली आत्ताच समेट करून आलोय त्याचं काय? ते विचारायची सोयच नाही, संवादात तो पर्यायच ठेवलेला नाही. लाल, निळा, हिरवा, तीन रंगांचे तीन शेवट, एक निवडा, आणि व्हिडिओ बघाल तर जवळजवळ सारखेच. वर रिले, म्हणजे एका सूर्यमालेतून दुसरीत झेप घ्यायची यंत्रं, फुटलेले दाखवले, आणि एक रिले फुटला तर अख्खी सूर्यमाला जाते हे २०११च्या अ‍ॅडऑनमधे, म्हणजे वेगळ्या विकलेल्या जोडभागात, याच लोकांनी दाखवलं होतं, मग वाचलं कोण?

लोक चिडले. कोणीतरी गेम बनवणाऱ्या स्टुडिओला ४०२ कपकेक पाठवले, लाल निळे हिरवे, चव सगळ्यांची एकच. बाजू घेणारेही होते, लेखकाला त्याचा शेवट लिहू द्या म्हणणारे, त्यात तथ्य नाही असं नाही, पण तक्रार शेवट दुःखी आहे ही नव्हतीच, व्हिलनचं गणित गेमनेच आधी खोटं पाडलंय ही होती. जूनअखेर एक्स्टेंडेड कट, म्हणजे शेवटाची वाढवलेली आवृत्ती, फुकट आला, ऐन पावसात, तेव्हाचं नेट आणि लाईटीचा लपंडाव बघता इथे तो बऱ्याच जणांकडे पेन ड्राईव्हवरूनच पोचला. त्यात रिले दुरुस्त होताना दाखवले, एआयला आणखी प्रश्न विचारता येऊ लागले, तिन्ही पर्याय नाकारण्याचा चौथा रस्ताही दिला, मात्र तो घेतलात तर हरता.

खरं उत्तर ऑगस्टमधे आलं, लेव्हायथन नावाच्या अ‍ॅडऑनमधे. एका प्राचीन जमातीच्या हाताखालचे लोक यंत्रं बनवायचे आणि त्याच यंत्रांकडून मरायचे, म्हणून त्या जमातीने एक बुद्धी बनवली, हुकूम एकच, काही करून जीवन टिकव. तिने हुकूम पाळला आणि पहिला घास मालकांचाच घेतला. हे कळल्यावर तो पोरगा तत्त्वज्ञ राहत नाही, चुकीच्या हुकमाचा हमाल ठरतो, शोडॅनच्याच घराण्यातला. फक्त हे सांगायला पाच महिने लावले आणि वेगळे पैसे घेतले, ते मला आजही पटत नाही.

पुढच्यांनी धडा घेतला असं म्हणता येईल. सोमा, २०१५, यंत्र माणसं टिकवायला जातं पण माणूस कशाला म्हणायचं हेच त्याला कळत नाही. होरायझन झीरो डॉन, २०१७, युद्धयंत्रं आवरत नाहीत कारण विकताना फुशारकी म्हणून त्यांत बाहेरून ताबा घ्यायला मागचं दारच ठेवलं नव्हतं. धंद्यातली चूक, लगेच पटते.

मास इफेक्टचे तिन्ही भाग २०२१मधे एकत्र निघाले, त्यात एक्स्टेंडेड कट आणि लेव्हायथन आधीच घातलेले आहेत. त्यामुळे कॉलेजातली पोरं विचारतात की एवढं चिडायला झालं काय, आणि आम्ही तावातावाने सांगायला लागतो. दोघं भांडतात एकाच नावाच्या गेमवरून, पण मार्च २०१२चा शेवट त्या पोरांनी खेळलेलाच नसतो.