दोन अंशांचा वाकडेपणा

जून २०२३ मध्ये टायटॅनिकचे अवशेष पाहायला निघालेली ‘टायटन’ पाणबुडी खोल समुद्रात चेपली आणि आतल्या पाचही जणांचा जीव गेला. तिचं मधलं नळकांडं कार्बन फायबरचं होतं. मग व्हॉट्सअ‍ॅपवर निदान फिरू लागलं: ‘कार्बन फायबर म्हणजे दोरा. ओढला तर टिकतो, दाबला तर गेला.’ माझ्या मावशीला लेकीकडे लंडनला जायचं होतं, तिकीट बोइंग ७८७ चं. तिचा फोन आला, “अगं, हे विमानपण त्याचंच ना?”

प्रश्न रास्त होता. ७८७ च्या सांगाड्याचं निम्मं वजन कंपोझिटचं, म्हणजे मुख्यतः राळेत बसवलेल्या कार्बन तंतूंचं आहे, आपल्या ‘तेजस’ लढाऊ विमानाचं सुमारे ४५ टक्के. उडताना पंख वरच्या बाजूला वाकतो, तेव्हा त्याची खालची कातडी ताणली जाते आणि वरची दाबली जाते. दाब कुठल्याच पंखाला चुकत नाही.

अंगण झाडायचा खराटा घ्या. त्यातला एक हीर उपसून उभा धरा आणि वरून बोटाने दाबा. लगेच वाकेल. तोच हीर घट्ट बांधलेल्या जुडीत असेल तर वाकायला त्याला जागाच नाही. कार्बनचा तंतू जाडीला ५ ते ७ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा. त्याची जुडी बांधते ती इपॉक्सी राळ. ओढताना जवळजवळ सगळा भार तंतू घेतो. दाबताना मात्र तंतूला बाजूला सटकू न देणं हे राळेचं काम, आणि राळ तंतूच्या मानाने फार मऊ. ‘पोलादापेक्षा पाचपट मजबूत’ अशी जाहिरात दिसली की म्हणून आधी विचारावं, ओढताना की दाबताना? जाहिरातीतला आकडा ओढण्याचा असतो. दाबातला त्याहून बराच कमी भरतो.

किती कमी, याचं गणित मला फार आवडतं. १९६५ मध्ये रोझेन या संशोधकांनी तंतू अगदी सरळ आहेत असं धरून हिशेब मांडला. उत्तर प्रत्यक्षाच्या कितीतरी वर आलं. १९७२ मध्ये अ‍ॅरगॉन यांनी दुखणं ओळखलं: तंतू सरळ नसतातच. १९८३ मध्ये बुडियान्स्की यांनी ते एका ओळीत बसवलं. राळ तंतूंच्या दिशेने घसरू लागते तो ताण घ्या. त्याला तंतूंचा मुळातला वाकडेपणा आणि राळ हार मानण्याआधी जेवढी तिरपी होते तो कोन, या दोन कोनांच्या बेरजेने भागा. आली दाबशक्ती.

नमुन्याचे आकडे घालू. घसरण्याचा ताण ७० मेगापास्कल (ताण मोजायचं एकक), राळेचा कोन ०.०१५ रेडियन. वाकडेपणा शून्य असेल तर ७० भागिले ०.०१५, म्हणजे सुमारे ४,६७०. आता तंतू फक्त २ अंश तिरके धरा, म्हणजे ०.०३५ रेडियन. बेरीज ०.०५, उत्तर १,४००. दोन अंशांत सत्तर टक्के शक्ती गेली! ४ अंशांना उरतात जेमतेम ८२०. या सूत्रात तंतूची स्वतःची ताकद कुठेच नाही. पावसाळी ओल शोषून आणि उन्हाने तापून राळ मऊ झाली की वरचे ७० घटतात. म्हणूनच नमुने मुद्दाम ओलवून, तापवूनही दाबून पाहतात.

मोडतं कसं? दाबाने तिरका तंतू आणखी तिरका होतो, त्याने राळेवरचा ताण वाढतो, राळ ढिली पडते, तंतू अजून कलतो. हे चक्र फिरलं की एका अरुंद पट्ट्यातले सगळे तंतू एकाच बाजूला, एकाच कोनात लवतात आणि दोन्ही टोकांना तुटतात. याला किंक बँड म्हणतात. माझ्या टेबलावर अशी मोडलेली एक पट्टी आहे. डोळ्यांना नुसती तिरकी रेघ दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र इस्त्रीची घडी पडावी तसे तंतू ओळीने मुडपलेले, तुकडे जेमतेम दहा-पंधरा तंतूंच्या जाडीएवढे.

डिझाइन करणारे हे धरूनच चालतात. तंतू लांबीच्या एक टक्क्याहून जास्त आखडू शकतो, पण दाबाखालच्या कातडीला साधारण अर्ध्या टक्क्याच्या आत ठेवतात. २०१० च्या मार्चमध्ये बोइंगने चाचणीसाठी ७८७ चे पंख सेवेतल्या कमाल भाराच्या दीडपट भाराने वाकवले. ते सुमारे ७.६ मीटर वर उचलले गेले, मोडले नाहीत. त्याआधी २००९ मध्ये मात्र पंख धडाला जोडतात तिथे मजबुती कमी पडल्याचं चाचणीत दिसलं होतं आणि पहिलं उड्डाण पुढे ढकलावं लागलं होतं. चाचणी असते ती यासाठीच.

मला खरी काळजी वाटते ती पान्याची. देखभाल करताना हातातून पाना निसटून पंखावर पडला, तर अ‍ॅल्युमिनियमला पोचा येतो आणि तो दिसतो. कंपोझिटवर वरून जवळजवळ काहीच दिसत नाही, पण आत एकमेकांवर चिकटवलेले थर सुटलेले असू शकतात. पट्टीचा लवण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने बदलतो. थर सुटून एका पट्टीच्या दोन झाल्या की प्रत्येकीचा विरोध आठवा हिस्सा, दोघींचा मिळून चौथा. चार झाल्या तर सोळावा. ओढायला ती जवळपास पूर्वीइतकीच भक्कम, दाबायला पार कमकुवत. त्यामुळे सहज नजरेला न येणारा असा मार बसलेला असतानाही पंखाने पूर्ण भार घेतला पाहिजे, अशी अट डिझाइनलाच असते.

शंका आली की तपासणी अल्ट्रासाउंडने होते. पण त्याआधीची एक साधी रीत अजून चालते: छोट्या हातोडीने किंवा नाण्याने कातडीवर हलकेच टकटक करत पुढे सरकायचं. मावशीला मी एवढंच सांगितलं, की माठ घेताना तू बोटाने वाजवून बघतेस ना, तसंच. धड असेल तिथे आवाज खणखणीत येतो, थर सुटले असतील तिथे बद्द.