उलुवातू: लाटा भरपूर, जागा एकच

बालीला जाऊन आलेल्यांच्या फोनमध्ये उलुवातूच्या देवळाचे फोटो हमखास असतात. कड्याच्या टोकावरचं देऊळ, संध्याकाळचं केचक नृत्य, चष्मे पळवणारी माकडं. देवळापासून थोडं पुढे, सुळुबानच्या कड्यावरून खाली बघायला मात्र सगळेच जात नाहीत. जुलै-ऑगस्टात तिथे पाण्यावर काळे ठिपके दिसतात, चांगल्या दिवशी पन्नास-साठ सहज. एवढा मोठा समुद्र मोकळा पडलेला असताना हे सगळे सर्फर एकमेकांना खेटून बसलेले असतात.

दोष खालच्या खडकाचा. लाट साधारण तिच्या उंचीच्या सव्वापट खोलीवर आली की कोसळते. म्हणजे दोन मीटरची लाट अडीच मीटर पाण्यात. वाळूच्या किनाऱ्यावर तळ सतत सरकत असतो, त्यामुळे लाट आज इथे फुटते, महिन्याभराने तिथे, आणि माणसंही पांगतात. प्रवाळाचा खडक जागचा हलत नाही. अडीच मीटर खोलीची रेघ वर्षानुवर्षं तिथेच असते, म्हणून लाट उठायची जागाही तीच राहते. शिवाय ही रेघ येणाऱ्या लाटेला तिरकी आहे. त्यामुळे लाट एकदम न कोसळता एका टोकापासून फुटत जाते, आणि सर्फर तिच्या न फुटलेल्या भागावरून डावीकडे घसरत राहतो. ज्या पक्क्या तळामुळे लाट इतकी रेखीव होते, त्यानेच सगळ्यांना काही मीटरांच्या जागेत कोंबलंय. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियन सर्फर मंडळींनी ही लाट जगाला दाखवली, आणि तेव्हापासून गर्दी वाढतच गेली.

या लाटा तयार होतात फार लांब. शाळेत भूगोलात ‘गर्जणारे चाळीस’ वाचलेले आठवत असतील, ४० अंश दक्षिण अक्षांशाच्या पलीकडचे ते पश्चिमी वारे. मे ते सप्टेंबर हा तिकडचा हिवाळा. तेव्हा तिथली वादळं जास्त जोरकस असतात आणि उत्तरेकडे सरकलेली असतात. खोल समुद्रात लाटांचा वेग त्यांच्या आवर्तकालावर, म्हणजे लागोपाठच्या दोन लाटांमधल्या वेळावर ठरतो. २० सेकंदांच्या लाटांची ऊर्जा ताशी सुमारे ५६ किलोमीटरने पुढे जाते, १४ सेकंदांच्या लाटांची सुमारे ३९ने. वादळ ५००० किलोमीटरवर असेल तर पहिल्या लाटा पावणेचार दिवसांत पोचतात आणि दुसऱ्या सव्वापाच. एकाच वेळी सुटलेले धावपटू हळूहळू वेगळे व्हावेत तशा वाटेतच या लाटा आवर्तकालानुसार वेगळ्या होत जातात. समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३मध्ये अशा लाटांचा माग न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत, अख्खा पॅसिफिक ओलांडून काढला होता.

हिंदी महासागरातल्या याच लाटा कधीकधी आपल्याकडेही येतात. वारा पडलेला, आकाश निरभ्र, आणि तरी केरळच्या किनारी वस्तीत पाणी शिरतं. तिथले कोळी त्याला ‘कल्लकडल’ म्हणतात. हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था त्याचे इशारे आगाऊ देऊ शकते, कारण मूळ वादळ काही दिवस आधीच दिसलेलं असतं.

आता वारा. कोकणात धो धो पाऊस असतो तेव्हा बालीत कोरडा ऋतू असतो, आणि दोन्हींचा वाऱ्याशी जवळचा संबंध आहे. दक्षिण गोलार्धातले आग्नेय व्यापारी वारे विषुववृत्त ओलांडून वळतात आणि आपला नैर्ऋत्य मान्सून होतात. बालीच्या वाट्याला मात्र ते ऑस्ट्रेलियाच्या बाजूने कोरडेच येतात. उलुवातूचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्याने तिथे हा वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. लाटेच्या तोंडावर समोरून येणारा असा वारा तिला कोसळायला जरा उशीर करायला लावतो आणि पाणी घोटीव ठेवतो. लाटा आणि वारा, दोघांचाही हंगाम एकच. म्हणूनच गर्दीचाही.

तरी लाटा एकसारख्या येत नाहीत. १५ आणि १६ सेकंदांच्या लाटा एकमेकींत मिसळल्या की दर चार मिनिटांनी त्यांची बेरीज मोठी होते, मध्ये वजाबाकी. सर्फर ज्याला ‘सेट’ म्हणतात तो हाच. प्रत्यक्षात आवर्तकाल अनेक असतात, म्हणून सेटचं वेळापत्रक असं नेमकं नसतं. समजा दर सेटमध्ये चार चांगल्या लाटा धरल्या, तर तासाला साठ. साठ माणसांत माणशी एक. पण वाटणी अशी होत नाही. लाट जिथे आधी फुटते त्याच्या सर्वांत जवळ जो असेल, लाट त्याची, असा नियम आहे. टक्कर टाळायला तो उत्तम. पण न्याय म्हणाल तर नाही. खडकाची खोड माहीत असलेला स्थानिक पोरगा दर वेळी योग्य जागी असतो, आणि पाहुणा तासभर नुसता वल्हवतो.

भरती-ओहोटी मात्र थोडी दाटी मोडते. उधाणाच्या दिवसांत इथलं पाणी दोन मीटरहून जास्त वर-खाली होतं, म्हणजे लाट फुटायची रेघच सरकते. ओहोटीला ‘रेसट्रॅक’ नावाच्या भागात लाट उथळ खडकावरून सुसाट पळते. पडलात तर अंग सोलवटून निघतं, आणि प्रवाळाची जखम लवकर भरत नाही. पाणी चढलं की बरेच जण देवळाकडच्या ‘टेंपल्स’कडे सरकतात. फार मोठ्या लाटा असतील तर ओहोटीला बाहेरचा ‘आउटसाइड कॉर्नर’ जागा होतो, आणि तिथे गर्दी आपोआप विरळ होते. तिथे बसायला हिंमत लागते.

नोव्हेंबरात वारा फिरतो. वायव्येकडून येणारा वारा उलुवातूची लाट विस्कटून टाकतो, दक्षिणेकडची वादळंही मंदावतात. मग मंडळी पूर्व किनाऱ्यावर सानूर, नुसा दुआ, केरामासला जातात, कारण आता वारा तिथे जमिनीवरून वाहतो. पहाटे वारा पडलेला असला तर उलुवातूला तुरळक माणसांत लाट मिळते. लाटा लहान, पण हातपाय पसरायला जागा.

पाण्यातून बाहेर पडायला वाट एकच, कड्याखालची गुहा. फुटलेल्या लाटांनी खडकावर ढकललेलं पाणी किनाऱ्याच्या कडेने पाडांग पाडांग या जवळच्या किनाऱ्याच्या दिशेने वाहतं, आणि लाटा मोठ्या असतील तेवढा ओढा जास्त. म्हणून गुहेकडे सरळ न जाता तिच्या बरंच अलीकडे, देवळाच्या बाजूला रोख धरायचा. भरतीच्या वेळी चुकलात तर पुन्हा बाहेर जाऊन वळसा घ्या, नाहीतर पाडांग पाडांगला लागा आणि बोर्ड काखोटीला मारून रस्त्याने परत या.