‘उरलेले दिवस तेवढे द्या’ म्हणणाऱ्यांसाठी

2021 साली 9 मेला गोव्यात कोविडचा कर्फ्यू लागला तेव्हा आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कुणाचे शिकण्याचे आठ दिवस झाले होते, कुणाचे बारा. गाड्या दारात ताडपत्रीखाली उभ्या राहिल्या. शिकवणं पुन्हा सुरू झाल्यापासून रोज तोच फोन यायचा: ‘माझे नऊ दिवस राहिलेत, तेवढे करून घ्या आणि गणेशचवथीआधी लायसन्सच्या टेस्टला बसवा.’ प्रत्येकाला फोनवर समजावण्यापेक्षा लिहूनच काढलं.

आधी पैशाचं. भरलेली फी तशीच धरली होती, राहिलेले दिवस पूर्ण मिळणार होते. पण त्याआधी दोन दिवस आम्ही प्रत्येकाला पुन्हा पहिल्या गिअरवर आणतो. त्या दोन दिवसांचे पैसे घेत नाही, तरी वाद होतात ते नेमके त्यांच्यावरूनच.

‘मधल्या काळात घरची गाडी चालवत होतो’ असं बहुतेकांचं म्हणणं. खरं असेल. पण कशा रस्त्यावर? कर्फ्यूत दुपारनंतर कुत्रंसुद्धा आडवं येत नव्हतं. गाडी सुटली की थेट चौथ्या गिअरवर, आणि थांबायची ती घराच्या फाटकात. दोन महिन्यांत चढावर गाडी उभी करून पुन्हा काढायची वेळ किती जणांवर आली?

तेव्हाचीच गोष्ट. घरच्या गाडीने बाणस्तारीपर्यंत जाऊन येणारा एक मुलगा. फोंड्याजवळच्या फर्मागुडीच्या चढावर पुढे ट्रक थांबला, मागे बस चिकटली. क्लच झटक्यात सोडला, गाडी बंद. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा घाबरून अॅक्सिलरेटर दाबला आणि क्लच अर्ध्यावर धरून ठेवला. गाडीत जळका वास. तोवर गाडी हातभर मागे घसरलेली. शेवटी ब्रेक दाबला तो आमच्या माणसाने, त्याच्या बाजूच्या पेडलने. घरच्या गाडीत शेजारी बसणाऱ्याच्या पायाशी असं पेडल नसतं.

आम्ही शिकवतो ते इतकंच: हँडब्रेक ओढलेला ठेवा. क्लच हळूहळू वर आणा. इंजिनचा आवाज जरा खाली बसतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. पाय तिथेच थांबवा. आता थोडा अॅक्सिलरेटर, मग हँडब्रेक सोडा. ही जागा पायाला कळावी लागते, वाचून कळत नाही, आणि महिनाभर सवय गेली की पाय विसरतो. चढावर थांबून मागे न घसरता पुन्हा निघणं हे नियमांतल्या चाचणीतच आहे, आमच्या पदरचं नाही. तिथे नापास होऊन पुन्हा तारीख घेण्यात जे दिवस जातात, त्यापुढे हे दोन दिवस काहीच नाहीत.

फॉर्म 5, म्हणजे स्कूलने द्यायचा शिकल्याचा दाखला, लवकर द्या, असंही कुणी मागू नये. 21 दिवस आणि प्रत्यक्ष स्टेअरिंगवर किमान 10 तास, हे कायद्यानेच ठरलेलं आहे. वहीत तास भरल्याशिवाय सही होणार नाही.

तारखांचा घोळही मोठा. केंद्राने तेव्हा 1 फेब्रुवारी 2020 नंतर संपलेल्या लायसन्सची, गाडीच्या कागदपत्रांची मुदत 30 सप्टेंबर 2021पर्यंत धरायला सांगितली होती. त्यामुळे सगळे निवांत होते, आणि सगळे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एकदम येणार होते.  नवीन लर्निंग लायसन्स काढणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की पक्क्या लायसन्सच्या टेस्टला लर्निंगनंतर 30 दिवस जावे लागतात. 2021मध्ये चवथ 10 सप्टेंबरला होती. हिशेब तुम्हीच करा. घरी सराव करायचा तर जरूर करा, पण पुढे-मागे ‘एल’ची पाटी आणि शेजारी लायसन्सवालं माणूस हवंच. ‘फक्त गावातल्या वाड्यावरच फिरवत होतो’ हे पोलिसांना चालत नाही.

पूर्वी एका गाडीत तिघे बसायचे. मागे बसून दुसऱ्याच्या चुका बघणं हेही शिक्षणच होतं. कोविडच्या त्या दिवसांत एका वेळी एकच विद्यार्थी, म्हणून वेळा कमी आणि तुम्हाला थांबावं लागायचं. प्रत्येक फेरीनंतर स्टेअरिंग, गिअरचा दांडा, हँडब्रेक पुसून घ्यायचो. काचा थोड्या उघड्या असायच्या, पाऊस आत यायचा; बंद केल्या तर काच धुरकटायची आणि मास्कमुळे चष्मासुद्धा. कोरडा रुमाल आणा. पावसाळी रबरी चपला नकोत, पेडलवरून घसरतात. लर्निंगची प्रत रोज जवळ हवी, आणि यायचं नसेल तर आदल्या संध्याकाळी कळवा, ती वेळ दुसऱ्याला देता येते.

लायसन्स हातात आल्यावरही एक फेरी घ्यायची असेल तर या. दुर्भाटच्या धक्क्यावर गाडी फेरीबोटीत चढवायला नेतो. उतार, ओली फळी, समोर पाणी. त्याचे पैसे वेगळे.